तीन घमेली

‘भंगार’ या शब्दात एक निकाल दडलेला आहे. एखादी वस्तू बिघडली, मोडली, अडगळीत पडली असे म्हणताना तिच्या दुरुस्तीची वाट आपण मोकळी ठेवतो. ती भंगारात गेली असे म्हटले, की विषय संपतो. भंगारवाल्याच्या तराजूला वस्तूचे नाव कळत नाही. आजीचे शिवणयंत्र असो, पितळेची समई असो वा मोटारीचे इंजिन असो, त्या पारड्यात पडताच ते इतके किलो बीड आणि इतके किलो पितळ होऊन जाते. त्या वस्तूने काय केले, कोणासाठी केले, अजून काय करू शकेल, हे प्रश्न तेथे कोणी विचारत नाही.

वसईच्या माणसाने तरी या प्रश्नांकडे पाठ फिरवू नये. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला आणि त्यानंतर येथल्या चर्चच्या घंटा उतरवून देशावर नेण्यात आल्या. नाशिकचे नारोशंकराचे मंदिर, भीमाशंकर, वाईजवळची मेणवली अशा ठिकाणी त्या आजही टांगलेल्या आहेत. या इतिहासात आपल्या पूर्वजांची वेदना आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्या घंटांचा विचार करताना आमच्या मनात दुसरीही एक गोष्ट येते. घंटेच्या धातूची तोफ ओतता येते. त्या काळी जगभर अशा पुष्कळ तोफा ओतल्या गेल्या. या घंटांच्या वाट्याला ते आले नाही. माणसाला हातातले काम बाजूला ठेवून देवाच्या दारी यायला सांगणे, हेच त्यांचे काम होते आणि हेच त्या करीत राहिल्या. वस्तू आपल्या पहिल्या घरातून निघाली म्हणून तिचे काम संपत नाही, एवढे त्या घंटा आपल्याला नक्की सांगतात.

हे सारे आठवण्याचे निमित्त मात्र घंटेइतके भारदस्त नाही. ते आहे आमच्या धर्मग्रामाच्या मालकीच्या एका जुन्या मोटारगाडीचे इंजिन.

ही गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ही मोटार तयार होऊ लागली. १९६४ सालापासून ती ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने विकली जात होती. पुढे सत्तरच्या दशकात तिचे बारसे ‘पद्मिनी’ असे झाले, परंतु आपल्या लोकांच्या जिभेवर ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी. वीस वर्षांच्या वयोमर्यादेच्या नियमाने शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे मृत्युलेख लिहिले. खाजगी मालकीच्या काही गाड्या मात्र दर पाच वर्षांनी तपासणी आणि नोंदणीचे नूतनीकरण करून अजून चालत आहेत. आमची गाडी त्यांतलीच. एका कुटुंबाने ती कित्येक वर्षांपूर्वी धर्मग्रामाला दान दिली. वाडीतल्या केळीच्या बागांमधून जाणाऱ्या गल्ल्या जेथे संपतात, तेथवर ती जाते. मागच्या आसनावर आजाऱ्यांच्या अभ्यंगाचे पवित्र तेल आणि ख्रिस्तशरीराची लहानशी डबी घेऊन पहिल्या शुक्रवारी बारा-पंधरा घरे करायची, हे तिचे मुख्य काम.

तिचे इंजिन समजायला सोपे आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, सारे मिळून १०८९ घन सेंटिमीटर. खालचा ब्लॉक बिडाचा, वरचे हेड ॲल्युमिनियमचे, क्रँकशाफ्टला आधार देणारी मेन बेअरिंगे तीन. आजच्या गाड्यांच्या मानाने हे अगदी साधे यंत्र. पण साधेपणामुळेच ते उघडता येते, मोजता येते आणि पुन्हा जोडता येते. ज्यांनी हे इंजिन आखले, त्यांनी दुरुस्तीला मनात धरूनच ते आखले होते. सिलिंडर झिजला तर तो थोडा मोठा कोरावा आणि त्यात तेवढाच मोठा पिस्टन घालावा. क्रँक झिजला तर तो घासून बारीक करावा आणि त्याला तेवढे जाड बेअरिंग बसवावे. मिस्त्रींच्या भाषेत ‘वीस’, ‘तीस’, ‘चाळीस’ अशी या मापांची नावे आहेत. ते इंचाचे हजारावे भाग असतात. ‘वीस’ म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. ‘चाळीस’ संपले की ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह ठोकायची आणि पुन्हा मूळ मापापासून सुरुवात करायची. आखणाऱ्यानेच इतक्या वेळा क्षमा लिहून ठेवलेली आहे.

एका एप्रिल महिन्यात रेडिएटरची नळी फुटली आणि इंजिन तापून बंद पडले. गॅरेजमध्ये मिस्त्रींनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला होता. म्हणजे पाणी तेलात उतरले होते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. त्या ओढाताणीत हेड वाकले होते आणि मधले गॅस्केट जळाले होते. एवढ्यावर भागले असते तर हेड घासून सपाट करता आले असते. पण मिस्त्रींनी उघडा ब्लॉक धुतला, त्यावर रॉकेलचा बोळा फिरवला, कोरड्या फडक्याने पुसून घेतला आणि वर खडूची पूड चोळली. आम्ही शेजारी उभे होतो. थोड्या वेळाने दोन सिलिंडरांमधल्या भिंतीवर खडूच्या पांढऱ्या पुडीत केसासारखी एक ओली रेघ उमटली. फटीत शिरलेले रॉकेल बाहेर आले होते. ती रेघ खाली सिलिंडरापर्यंत गेली होती.

“ब्लॉक गेला, फादर,” मिस्त्री म्हणाले.

आता ब्लॉक आणायचा कोठून? कारखाना कधीच बंद झालेला. मुंबईच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात शोध घेतला, तेव्हा एक ब्लॉक स्वस्तात मिळत होता. माल चांगला दिसत होता. फक्त त्यावरचा इंजिन क्रमांक घासून काढलेला होता. विकणारा म्हणाला, “नंबर आपण टाकून देऊ, कोण विचारतो?” धर्मग्राम परिषदेत यावर चर्चा झाली. पैशांची बचत होत होती आणि कामही सत्कार्याचेच होते, असे एकाने म्हटले. आम्ही एवढेच म्हणालो की, सातवी आज्ञा सत्कार्यासाठी सवलत देत नाही. ज्या वस्तूचे नाव कोणीतरी खरवडून काढले आहे, तिच्यामागे बहुधा कोणाचे तरी अश्रू असतात. जुना भाग वापरणे ही काटकसर. पण तो भाग कोणाच्या अंगणातून आला, हे न विचारता वापरणे ही काटकसर नव्हे. परिषदेने तो ब्लॉक नाकारला. शिवाय इंजिन क्रमांक नोंदणीपुस्तकात लिहिलेला असतो. ब्लॉक बदलला की परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि तशी नोंद लागते. कायदा येथे धर्माच्या बाजूने होता, आणि असे योग जेव्हा येतात तेव्हा त्यांचे स्वागत करावे.

आमच्याच धर्मग्रामात तसलीच एक गाडी होती. एका निवृत्त शिक्षकांची. ते जाऊन सहा वर्षे झाली होती आणि गाडी अंगणातल्या चिंचेखाली उभी होती. टायर बसले होते, टपावर चिंचेचा पाला साचला होता, मागच्या आसनावर कोंबड्यांनी आपला संसार थाटला होता. मिस्त्री त्या घरी जाऊन विचारून आले. मास्तरांच्या पत्नीने नकार दिला. मुले परदेशी; ती फोनवर सांगत होती की ती गाडी भंगारात द्या, अंगण मोकळे होईल. तिने त्यांनाही नकारच दिला होता. भंगारवाला दोनदा फाटकापर्यंत येऊन गेला होता. आम्ही मिस्त्रींना म्हणालो, पुन्हा जाऊ नका. विधवेच्या अंगणातली वस्तू मागून मिळवायची नसते.

मधल्या काळात आम्ही रिक्षाने, कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून जमेल तेथे जात होतो. पण एका सकाळी सारी घरे होईनात. दूरच्या पाड्यांवरील आजाऱ्यांचे दोन पहिले शुक्रवार चुकले. त्या आजाऱ्यांत मास्तरांची थोरली बहीणही होती, अंथरुणाला खिळलेली. तिसऱ्या शुक्रवाराच्या आधी, एका संध्याकाळी, मिस्सा झाल्यावर मास्तरांच्या पत्नी सॅक्रिस्टीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“फादर, इंजिन घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “नणंदबाई विचारतात, फादर का येत नाहीत. त्यांना काय सांगू, भावाची गाडी कोंबड्यांना दिली आहे म्हणून?”

आम्ही त्यांना बसवले. किंमत ठरवू, असे आम्ही म्हटले. त्यांनी मान हलवली आणि विचारले, “त्यांचा नंबर राहील ना?”

पाटीवरचा क्रमांक राहणार नाही, पण ब्लॉकवर ठोकलेला इंजिन क्रमांक तसाच राहील आणि तो आमच्या नोंदणीपुस्तकात चढेल, हे आम्ही त्यांना समजावून सांगितले. परिवहन कार्यालयाच्या कामासाठी असा क्रमांक कागदाखाली धरून वरून पेन्सिल फिरवून त्याचा छाप घेतात. मिस्त्रींनी तो घेतला, तेव्हा बाईंनी आणखी एक छाप मागून घेतला. तो कागद त्यांच्या प्रार्थनापुस्तकात ठेवलेला आम्ही पुढे पाहिला आहे. किमतीच्या जागी त्यांनी मास्तरांच्या पुण्यस्मरणाच्या दिवशी एक मिस्सा सांगितली. आम्ही ती सांगणावळ न घेता केली.

इंजिन खोलण्याच्या दिवशी त्या स्वतः गॅरेजमध्ये आल्या आणि स्टुलावर बसून राहिल्या. मिस्त्रींनी जमिनीवर तीन घमेली मांडली. जो भाग मापात आहे तो पहिल्या घमेल्यात. जो घासून, कोरून, बसवून घेता येईल तो दुसऱ्यात. जो पुन्हा वापरायचा नाही तो तिसऱ्यात. सहा वर्षे उभ्या राहिलेल्या इंजिनात गंज किती गेला असेल, ही आम्हा सर्वांची धास्ती. पिस्टन एका सिलिंडरात धरले होते. तेल सोडून रात्रभर ठेवावे लागले. पण मास्तर नेमस्त गृहस्थ होते. त्यांनी इंजिन वेळोवेळी पाहिलेले होते. क्रँक तारेने टांगून मिस्त्रींनी त्यावर हलकेच हातोडी मारली. स्वच्छ, लांब नाद निघाला. तडा गेलेला क्रँक असा वाजत नाही. तो बोदा आवाज करतो. मग मायक्रोमीटर आला. गोल दिसणारी वस्तू गोल आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा आणि उभा असा मोजला गेला. ब्लॉक ‘वीस’मध्ये निघाला, म्हणजे अजून दोन आयुष्ये शिल्लक होती.

पिस्टनच्या रिंगा पाहून मिस्त्री म्हणाले, “या चालतील कदाचित.” तोच स्टुलावरून आवाज आला: “रिंगा नव्या घाला. ते म्हणायचे, रिंगांवर पैसे वाचवू नयेत.” मिस्त्रींनी काही न बोलता रिंगा तिसऱ्या घमेल्यात टाकल्या. बाईंचे डोळे कोरडे होते. सहा वर्षांत प्रथमच मास्तरांच्या गाडीविषयी मास्तरांचा सल्ला कोणाच्या तरी उपयोगी पडला होता.

वाचकहो, जुने ते सारे सोने, असे म्हणणारे आम्ही नव्हे. चांगल्या मिस्त्रीची ओळख त्याच्या तिसऱ्या घमेल्यावरून होते. हेड गॅस्केट एकदा दाबले गेले की पुन्हा वापरायचे नाही. ऑइल सील, रिंगा, बेअरिंगच्या पातळ वाट्या यांचा जन्मच झिजण्यासाठी असतो. महागड्या क्रँकने झिजू नये म्हणून त्या आधी झिजतात. ब्रेकची रबरी नळी, स्टीअरिंगचे सांधे हे तर जुन्या बाजारातून कधीही घेऊ नयेत. तेथे चार पैसे वाचवणारा माणूस ते दुसऱ्याच्या जिवावर वाचवीत असतो. दया आणि ढिलाई यांत जो फरक आहे, तोच जुन्या भागाचा सन्मान आणि कंजुषी यांत आहे. कुमसाराच्या पेटीत बसणाऱ्याला हा फरक रोज लागतो. पाप्याला हाकलू नये, पण पापाला चालेल म्हणू नये.

उलटपक्षी, नवे ते अधिक चांगले, हेही नेहमी खरे नसते. ओतीव बिडात ओततेवेळचे ताण अडकून राहतात. वर्षानुवर्षे तापून आणि निवून ते ताण हळूहळू सुटतात, बीड ‘मुरते’ आणि मग ते आपला आकार सोडत नाही. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने मोटारींच्या जागतिक शर्यतींसाठी दीड लिटरचे एक अफाट ताकदीचे इंजिन तयार केले, तेव्हा त्याच्यासाठी साध्या रस्त्यावरच्या, पुष्कळ चाललेल्या गाड्यांचे बिडाचे ब्लॉक वापरले. त्याच इंजिनाच्या बळावर नेल्सन पिके १९८३ साली जगज्जेता झाला. कोणा गृहस्थाने बाजारहाटाला वापरलेल्या गाडीचा ब्लॉक जगातल्या सर्वांत वेगवान गाडीत बसला. आपल्या धर्मग्रामांतील निवृत्त मंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, आणि त्यांना सभांतून मागच्या बाकावर बसवणाऱ्या तरुणांनी तर अवश्य ठेवावी.

या कामात आम्हांला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते टॅपेटांनी. कॅमशाफ्टच्या प्रत्येक उंचवट्यावर एक टॅपेट टेकलेला असतो. तो वर उचलला जातो, त्याच्यावरची काठी उचलली जाते आणि व्हॉल्व्ह उघडतो. असे आठ टॅपेट. दिसायला सारखे, मापाला सारखे. पण मिस्त्रींनी जुन्या पुठ्ठ्याला आठ भोके पाडून, आकडे घालून, एकेक टॅपेट आपापल्या जागी खोचून ठेवला. कारण विचारता ते म्हणाले, “हे एकमेकांना लागलेले असतात, फादर. याचा त्याला घातला की दोन्ही खराब.” वर्षानुवर्षे एकाच उंचवट्याशी घासून टॅपेटाचा तळ त्याच्यासारखा होतो. बेअरिंगांच्या टोप्यांचेही तेच. ज्या रॉडची टोपी त्याच रॉडला, आणि तीही त्याच बाजूने. आमच्या मनात आले, नवरा-बायकोच्या भांडणात मध्यस्थी करताना पुष्कळदा वाटते, ही दोन माणसे एकमेकांना किती झिजवीत आहेत. ते खरेच असते. पण चाळीस वर्षांनी तीच झीज त्यांची जुळणी झालेली असते, आणि एक गेले की दुसरे कशातच नीट बसत नाही. आम्हां धर्मगुरूंची दर काही वर्षांनी बदली होते. टॅपेटाचा हा नियम बिशपमहाशयांच्या कानी घालावा, असा एक मोह झाला होता. तो आम्ही प्रार्थनेच्या बळावर आवरला.

गोरेगावच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना थेसिअसच्या जहाजाचा प्रश्न आमच्यापुढे आला होता. प्लुटार्कने तो नोंदवून ठेवला आहे. जहाजाची कुजलेली फळी काढून नवी घालीत गेले आणि शेवटी एकही जुनी फळी उरली नाही, तर ते जहाज तेच का? सतराव्या शतकात टॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात भर घातली. काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? वर्गात यावर तासन् तास वाद झाले. परिवहन कार्यालयाने हा प्रश्न एका ओळीत सोडवलेला आहे. पिस्टन बदला, हेड बदला, क्रँक बदला, इंजिन तेच. कारण क्रमांक ब्लॉकवर ठोकलेला आहे. आणि तो ब्लॉक दुसऱ्या गाडीत गेला, तर क्रमांकही सोबत जातो.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून फार दूर नाही. बाप्तिस्म्याने आत्म्यावर एक मुद्रा उमटते. ती पुसत नाही आणि म्हणून तो संस्कार पुन्हा दिला जात नाही. माणूस किती झिजला, किती काळ अंगणात गंजत उभा राहिला, त्याच्या अंगावर कोणाच्या कोंबड्या बसल्या, याने ती मुद्रा हलत नाही. परत आलेल्याचे नाव नव्याने ठोकावे लागत नाही. फक्त वरची काजळी पुसून ते वाचावे लागते. खरवडून काढता येतो तो ब्लॉकचा क्रमांक. देवाने ठोकलेला क्रमांक खरवडण्याची कानस अजून कोणी बनवलेली नाही.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात वापरा-आणि-फेका या वृत्तीवर कठोर टीका केली, आणि वस्तू फेकण्याची सवय माणसे फेकण्यापर्यंत पोहोचते, याची आठवण ते वारंवार करून देत असत. २०१३ साली इटलीतल्या एका धर्मगुरूने त्यांना आपली १९८४ सालची रेनो गाडी भेट दिली होती. सुमारे तीन लाख किलोमीटर चाललेली. पोपमहोदयांनी ती आनंदाने स्वीकारली. पाच भाकरी आणि दोन मासे यांनी हजारो लोक तृप्त झाल्यावर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले, हे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. जो क्षणात भाकरी वाढवू शकतो, त्याला तुकड्यांची काय गरज होती? पण त्याने ते वेचायला लावले. विपुलता हे नासाडीचे कारण होऊ शकत नाही, असा त्याचा आम्ही अर्थ घेतो.

इंजिन जोडून झाले. परिवहन कार्यालयाच्या तीन खेपा झाल्या, मास्तरांच्या गाडीच्या नोंदणीचे कामही रीतसर उरकले. मिस्त्रींनी किल्ली आमच्या हाती देताना ताकीद दिली: पहिले हजार किलोमीटर जोराने हाकायची नाही, चढावर ताणायची नाही, आणि पहिले तेल लवकर बदलायचे, कारण नवे-जुने भाग एकमेकांना लागताना त्यांचा बारीक चुरा त्या तेलात उतरतो. नव्याने बसलेल्या भागांना एकमेकांची ओळख पटायला वेळ द्यावा लागतो.

ही ताकीद आम्हांला एका वेगळ्या कारणाने बोचली. त्याच दिवसांत आमच्या धर्मग्रामातला एक तरुण व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला होता. दुसऱ्याच आठवड्यात लोक विचारू लागले, कामाला का लागत नाही? तिसऱ्या आठवड्यात, मिस्सेला मागे का उभा राहतो? महिन्याने त्याचा पाय एकदा घसरला, तेव्हा पुष्कळांनी समाधानाने मान डोलावली. आम्ही म्हणत नव्हतो? दुरुस्त झालेल्या इंजिनाला आपण हजार किलोमीटरची सवलत देतो. दुरुस्त होऊन आलेल्या माणसाला गल्लीच्या टोकापर्यंतही देत नाही. लागता लागता थोडा चुरा पडणारच. तो पाहून इंजिन भंगारात काढणाऱ्याला मिस्त्री वेडा म्हणेल. मिस्त्रींनाच आम्ही त्या तरुणाविषयी विचारले. आज तो त्यांच्या गॅरेजमध्ये सकाळी वेळेवर येतो, व्हॉल्व्ह घासतो, संध्याकाळी हत्यारे पुसून ठेवतो. पुढे काय होईल, याची हमी आम्ही देत नाही. मिस्त्रीही देत नाहीत. ते फक्त त्याचे तेल लवकर लवकर बदलतात, म्हणजे रोज संध्याकाळी चहा पाजताना त्याला दोन प्रश्न विचारतात आणि उत्तर ऐकून घेतात.

उपमा कितीही चांगली असली तरी कोठेतरी लंगडते, आणि ती कोठे लंगडते हे सांगणे उपदेशकाचे कर्तव्य आहे. इंजिनाचा भाग कामाचा असेल तोवरच पहिल्या किंवा दुसऱ्या घमेल्यात राहतो. माणसाचे तसे नाही. अंथरुणाला खिळलेली मास्तरांची बहीण आता कोणाच्याही कामाची नाही. तिच्या हातून एक वातही वळली जात नाही. तरी मास्तरांचे इंजिन सुरू होते, केळीच्या बागांमधून वाट काढत जाते आणि तिच्या खाटेशेजारी प्रभू स्वतः पोहोचतो. एवढा खटाटोप कशासाठी, हे मायक्रोमीटर सांगू शकणार नाही. मिस्त्रीला तीन घमेली लागतात आणि त्याने ती ठेवलीच पाहिजेत. आपण मात्र माणसांसाठी दोनच ठेवावीत.